गॅसबत्तीतली वाळू

आमच्या घरातल्या सगळ्या लग्नांना गॅसबत्त्या लहानूकाकांच्याच आल्या. आत्याच्या लग्नाला आल्या, दोन्ही चुलत बहिणींच्या लग्नांना आल्या. माझ्या लग्नाला मात्र आल्या नाहीत. का आल्या नाहीत हे मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. बाकीचं पुढं त्यांच्या बायकोनं, सीताबाईंनी, सांगितलं, थोडं काकांनी, आणि थोडं मी स्वतः आमच्या कारंज्याच्या बाजारात उभी राहून पाहिलं.

लहानू ताकसांडे हे त्यांचं नाव. आम्ही मुलं त्यांना लहानूकाका म्हणायचो. माझे बाबा, वासुदेवराव, नुसतं लहानू म्हणायचे. नागपूर-अमरावती रस्त्यावर ट्रकवाल्यांचे ढाबे संपतात, त्याच्या जरा पुढं त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत चार गॅसबत्त्या ओळीनं टांगलेल्या असत. चिंच लावून घासलेलं त्यांचं पितळ दुपारच्या उन्हात असं चमकायचं, की आत कुणी बसलंय की नाही हे रस्त्यावरून दिसायचं नाही.

त्यांचे वडील दुसऱ्यांच्या वरातीत डोक्यावर पेटता हिलाल, म्हणजे तेलाची मोठी मशाल, घेऊन चालायचे. तेल गळून त्यांच्या कानामागं कायमचे डाग पडले होते. छप्पन साली घर बौद्ध झालं आणि त्या दिवसापासून वडिलांनी डोक्यावर उजेड घेणं बंद केलं. लहानूकाका तेव्हा सोळा वर्षांचे होते. पुढं त्यांनी नागपुरात एका मंडपवाल्याकडं चार वर्षं काम केलं, पहिली गॅसबत्ती घेऊन गावी आले आणि भाड्यानं देऊ लागले. त्यांची एकच अट असे. बत्ती खांबाला टांगा, टेबलावर ठेवा, झाडाला बांधा, पण कुणाच्या डोक्यावर द्यायची नाही. लोकांना ते विचित्र वाटे. मग सवय झाली. कारंज्यात वीज होती, पण ती मनाला येईल तेव्हा यायची, आणि आजूबाजूच्या खेड्यांत तर खांबच पोचले नव्हते. काकांवाचून लग्नाचं पान हलायचं नाही.

बत्ती पेटवताना त्यांना पाहणं हा माझ्या लहानपणचा मोठा सोहळा होता. मेंटल म्हणजे रेशमी जाळीची एवढीशी पिशवी. ती ते बर्नरला दोऱ्यानं बांधायचे, दोऱ्याचं टोक दातांनी तोडायचे, आणि काडी लावायचे. जाळी जळून जायची आणि तिच्या जागी तिच्याच आकाराची राखेची पिशवी लोंबत राहायची. फुंकर लागली तरी मोडेल अशी. मग ते पंपानं हवा भरू लागायचे. राख आधी पिवळसर व्हायची, मग तिच्यात दूध चढत जावं तशी पांढरी होत होत इतकी उजळायची, की भोवतालची माणसं, झाडं, बैल सगळे जणू आत्ताच कुणीतरी चुन्यानं रंगवून ठेवलेत असे दिसायचे. जळून गेलेली वस्तूच उजेड कशी देते, हे मला काही केल्या उमगायचं नाही. काकांनाही ते माहीत नव्हतं. ते माहीत झालं शहात्तर सालच्या हिवाळ्यात.

त्या हिवाळ्यात गावाबाहेर नाल्याच्या काठी सरकारी तंबू पडले. जमिनीत अणूची खनिजं आहेत का ते तपासणारं पथक होतं ते. दोनच वर्षांपूर्वी राजस्थानात अणुस्फोट झाला होता आणि त्याची बातमी सगळ्यांनी रेडिओवर ऐकलेली. त्यामुळं आता पुढचा बाँब आपल्याच शिवारात फुटणार असं गावानं ठरवून टाकलं. बाबांनी तर तूर लवकर कापून घ्यावी का, याचा विचार चालवला होता.

पथकाचे साहेब केरळचे होते. त्यांचं आडनाव कुरूप. ते आडनाव ऐकून गाव अवघडून गेलं, कारण साहेब दिसायला चांगले उंचेपुरे होते आणि तोंडावर त्यांना कुरूप साहेब म्हणायची कुणाची हिंमत होईना. सगळे नुसतं साहेब म्हणत. तंबूत संध्याकाळचं लिहिण्याचं काम असे, म्हणून त्यांनी लहानूकाकांच्या दोन बत्त्या महिन्याभरासाठी मागवल्या.

पहिल्याच संध्याकाळी काका बत्त्या आणि खांद्याला पिशवी घेऊन तंबूत शिरले, आणि टेबलावर ठेवलेली एक करड्या रंगाची पेटी टकटक करू लागली. साहेब चमकले. दिवसभर शिवारात फिरून त्या पेटीनं कुठंही धड आवाज काढला नव्हता. त्यांनी ती उचलून काकांच्या पायांपासून डोक्यापर्यंत फिरवली. पिशवीजवळ आल्यावर ती पावसाच्या थेंबांनी पत्रा वाजावा तशी वाजू लागली. पिशवीत मेंटलची दोन डझन पाकिटं होती.

साहेब आधी गोंधळले, मग मोठ्यानं हसले. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. मेंटलच्या जाळीला जे द्रव्य लावतात त्याचं नाव थोरियम. ते आतून सारखं, आपोआप, अगदी थोडंथोडं तुटत असतं, आणि तुटताना त्यातून किरणं निघतात. डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला लागत नाहीत, पेटीला मात्र ऐकू येतात. जाळी जळते आणि हे द्रव्य मागं राहतं, तापून पांढरं होतं. तोच तुमचा उजेड.

काकांनी विचारलं की हे बाँबातलंच आहे का. साहेब म्हणाले, लांबचं नातं आहे. मग त्यांनी पेटीची कानाला लावायची साधनं काकांना दिली आणि त्यांना तंबूबाहेर नेलं. आवाज आता फक्त काकांना ऐकू येत होता. काळ्या दगडावर पेटी धरली तर अगदी विरळ, एखादाच टक. मातीवर त्याहून किंचित जास्त. साहेबांनी पेटी वर, मोकळ्या आभाळाकडं धरली, तरी आवाज पुरता थांबेना. काकांनी खुणेनं विचारलं, आता कुठून? साहेबांनी मावळतीनंतरच्या, नुकत्याच उगवू लागलेल्या चांदण्यांकडं बोट दाखवलं. तिकडूनही येतं म्हणाले, रोज येतं, माणूस जन्मायच्या आधीपासून येतंय.

काका मला एकदा म्हणाले होते, त्या संध्याकाळी आपण किती वेळ उभे होतो ते आठवत नाही. पायाखालची जमीन हळूच काही बोलतेय आणि वरून आभाळ तिला उत्तर देतंय, आणि मधे आपण, असं वाटत होतं. थंडी वाजत होती तरी आत जावंसं वाटेना.

साहेबांनी शेवटी आपल्या ट्रंकेतून एक लहान बाटली काढली. तिच्यात काळी, चमचमणारी वाळू होती. पेटी तिच्याजवळ नेली तर मेंटलसारखीच वाजली. ती त्यांच्या गावच्या समुद्रकाठची वाळू होती. तिथं ती धुऊन, निवडून तिच्यातून हेच थोरियम काढतात आणि ते मेंटलच्या कारखान्यांना जातं. आपली आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, साहेब म्हणाले, जन्मभर त्या वाळूवरच राहिली, अजून अंगणात मासे वाळत घालते.

काकांनी बाटली उजेडात धरून हलवून पाहिली.

"म्हंजे साहेब," ते म्हणाले, "तुमच्या गावचा समुद्र आमच्या लग्नायत जळून राह्यला."

साहेबांना ते मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली. आणि मग गंभीर होऊन दोन गोष्टी बजावल्या. दोरा दातानं तोडायचा नाही. जुन्या मेंटलची राख तळहातावर घेऊन फुंकायची नाही, ती ओल्या कापडानं पुसून पुरून टाकायची. बाहेरून हे द्रव्य तुमचं काही करत नाही, पण ते पोटात, छातीत कशाला घ्यायचं? हात धुवायचे आणि कामाला लागायचं. काकांनी त्या दिवसापासून खिशात दोरा कापायला लहान कात्री ठेवली.

महिन्याभरानं तंबू उठले. शिवारात काहीच सापडलं नव्हतं. मग एवढं फिरलात कशाला, असं काकांनी विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले की कुठं नाही, हेही लिहून ठेवावं लागतं.

काकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण त्या हिवाळ्यानंतर तो त्यांच्या स्वप्नात येऊ लागला. काळ्या वाळूचा, रात्रीही उजळ असलेला, आणि त्याच्या काठावर एक म्हातारी मासे वाळत घालत बसलेली. सकाळी ते सीताबाईंना स्वप्न सांगत. सीताबाई ऐकून घेत आणि म्हणत, आधी चहा घ्या. लग्नाच्या मांडवात बत्ती टांगली, की कुणी विचारो न विचारो, काका ती हकिगत सांगायचे. यात अणूच्या जातीचं द्रव्य आहे, दूर समुद्रातून आलेलं. लोक कौतुकानं ऐकायचे. वऱ्हाडी मंडळी पोरांना उचलून दाखवायची. पाचसहा गावांत त्यांचं नाव अणूवाला लहानू पडलं, आणि काकांना त्याचा अभिमान होता.

माझं लग्न ठरलं शहाऐंशी सालच्या मे महिन्यातलं. चार बत्त्या सांगून झाल्या होत्या. आणि एप्रिलच्या शेवटी रशियातल्या त्या अणुभट्टीची बातमी आली. रोज पेपरात काहीतरी नवीन असायचं. गावंच्या गावं रिकामी केली, दूध ओतून दिलं, वारं जिकडं जाईल तिकडं विष जातं. आमच्याकडं पेपर दुपारी यायचा आणि चार घरांत फिरायचा. तो वाचून बाबा ओसरीत येरझारा घालायचे. त्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, अरे, आपल्या लहानूच्या बत्तीतही तेच आहे ना? त्यानंच तर सांगितलंय.

झालं. काकांनी दहा वर्षं हौसेनं सांगितलेली गोष्ट आता उलटी फिरली. अमक्याच्या सुनेचं पोट पडलं, त्यांच्या लग्नात याचीच बत्ती होती. तमक्याचा बैल मेला, बत्ती त्याच्या गोठ्याशी टांगली होती. बाबा काही वाईट माणूस नव्हते. पण मी त्यांची एकुलती लेक, आणि त्यांना भीती वाटली. त्यांनी गड्याहाती निरोप पाठवला की बत्त्या नकोत. आर्वीहून जनरेटर आणला. तो मांडवामागं इतका धडधडत होता की मंगलाष्टकं मला ऐकूच आली नाहीत. ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात माझे स्वतःचे हात मला परक्याचे वाटत होते. माझ्या आईनं, विमलाबाईंनी, दुसऱ्या दिवशी काकांकडं लाडूंचं ताट पाठवलं. सीताबाईंनी ते तसंच झाकलेलं परत केलं.

उरलेल्या लग्नांची सांगणीही एकेक करून मोडली. पण काकांच्या मनाला लागलं ते वेगळंच. बस स्टँडवर अण्णाजींच्या हॉटेलात ते रोज सकाळी चहा प्यायचे. एके दिवशी अण्णाजींनी त्यांचा चहा दांडी तुटलेल्या कपात दिला, आणि पिऊन झाल्यावर कप तिकडं भिंतीशी वेगळा ठेवायला सांगितलं. अण्णाजी जरा ओशाळून म्हणाले की जातीचं काही नाही, ते किरणांचं आहे. काकांनी कपाला हात लावला नाही. ते उठून आले. घरी येऊन सीताबाईंना म्हणाले की कारण बदललं, कप तोच आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका बत्त्या पुसत बसले असताना सीताबाई समोर येऊन बसल्या.

"मले एक खरं सांगा," त्या म्हणाल्या. "आपली पोरगी याच्यानंच गेली का?"

त्यांना एक मुलगी झाली होती, त्र्याहत्तर साली. चार महिन्यांची होऊन पावसाळ्यात गेली. त्यानंतर मूल झालं नाही. झोळी बाहेरच्या खोलीत बांधलेली असे, आणि समोरच्या भिंतीवरच्या फळीवर मेंटलची पाकिटं. तेरा वर्षं त्या दोघांनी तिचा विषय काढला नव्हता. काकांनी त्या फळीकडं पाहिलं. तोवर त्यांना गावाचा राग येत होता, आता तो राग कुठच्या कुठं गेला. साहेबांनी सांगितलं होतं, बाहेरून काही करत नाही. पण लेकराचं? साहेबांना लेकराचं विचारलंच नव्हतं.

"मले माहीत नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघांनी नागपूरची एसटी धरली. पाकिटं पिशवीत घेतली. साहेबांनी दहा वर्षांपूर्वी कागदावर लिहून दिलेला पत्ता होता. दोन ठिकाणी विचारत, उन्हात चालत ते त्या कार्यालयात पोचले. कुरूप साहेब कधीच बदली होऊन गेले होते. फाटकावरचा माणूस परत पाठवणार होता, पण बाहेर पडणाऱ्या एका बाईंनी सीताबाईंचं बोलणं ऐकलं आणि थांबल्या. त्यांचं नाव प्रमिलाबाई. तिशीच्या आतबाहेर, तिथंच नोकरीला, मूळच्या हिंगणघाटकडच्या वडनेरच्या.

"कोठून आले तुमी?" त्यांनी विचारलं, आणि आपल्या बोलीतलं ते विचारणं ऐकून सीताबाईंना इतकं बरं वाटलं की त्या फाटकातच रडू लागल्या.

प्रमिलाबाईंनी त्यांना आत नेलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावर पाकिटांची चळत ठेवली आणि एक पेटी आणली. ती कुरूप साहेबांच्या पेटीहून लहान होती, पण आवाज तोच. पाकिटांजवळ ती भरभर वाजली. प्रमिलाबाईंनी ती सीताबाईंच्या हातात दिली.

"आता एकेक पाऊल मागं जा," त्या म्हणाल्या. "कान द्या फक्त."

सीताबाई एक पाऊल मागं सरल्या. आवाज विरळ झाला. आणखी एक. आणखी विरळ. चौथ्या पावलाला पेटी नुसती मधूनच टक करत होती, जशी ती दाराबाहेर, अंगणात, कुठंही करते. सीताबाई पुन्हा पुढं गेल्या, पुन्हा मागं आल्या. चारपाच वेळा त्यांनी तसं केलं. खिडकीबाहेर गुलमोहोर फुललेला होता आणि त्याचा लाल उजेड फरशीवर पडला होता, त्यातून त्या जात होत्या, येत होत्या.

"झोळी फळीपासून किती लांब होती?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

सीताबाईंनी हात करून दाखवलं. खोलीची रुंदीच तेवढी. पाचसहा पावलं.

"लेकराले काय झालं होतं?"

"हगवण. दोन दिवस उलटी आन हगवण. दूध पोटात ठरे नाई. डोळे आत गेलते."

"पाणी कोणत्या विहिरीचं?"

"नाल्याजवळच्या. पुरात तिच्यात नाल्याचं पाणी गेलतं."

"त्या महिन्यात गल्लीत आणखी लेकरं गेली का?"

सीताबाईंनी आठवून सांगितलं. तिघं. धोंडूचा मुलगा, त्याच्या शेजारची मुलगी, आणि टोकाच्या घरचं दीड वर्षाचं.

"त्यायच्या घरी मेंटल होते?"

"नाई," सीताबाई म्हणाल्या. मग त्या हळूच खाली, फरशीवर बसल्या.

प्रमिलाबाई त्यांच्याशेजारी बसल्या. आपण डॉक्टर नाही, पण एवढं सांगता येतं, असं त्या म्हणाल्या. हे द्रव्य अगदीच निरुपद्रवी आहे असं त्यांनी म्हटलं नाही. जपायचं, राख उडू द्यायची नाही, पोरांच्या हाती द्यायचं नाही. रशियात झालं ते खरंच भयंकर आहे, तिथं भट्टीच फुटली, धूर झाला, लोकांच्या अंगात गेलं. आगीपासूनच चूल आहे आणि आगीपासूनच वणवा. पण सहा पावलांवरच्या फळीनं तुमचं लेकरू नेलं नाही. ज्यानं नेलं ते घागरीत होतं, आणि त्याची भीती कुणीच घेतली नाही, कारण ते रोजचं होतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ऊन उतरलं होतं. कोंढाळीच्या पुढं जंगल लागलं तेव्हा सीताबाई एकदम म्हणाल्या, "पंचफुला." काकांनी वळून पाहिलं. तेरा वर्षांत लेकीचं ते नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. मग सीताबाई बोलत राहिल्या. तिच्या उजव्या पायाचं बोट कसं वाकडं होतं, बत्ती पेटली की ती कशी डोळे मिचकावायची आणि मग हसायची, अंगाला कसा दुधाचा आणि रॉकेलचा मिळून वास यायचा. काका मधूनच एखादं वाक्य पुरवत. बाहेर सागाची झाडं मागं पळत होती. काका मला पुढं म्हणाले, आम्ही दोघं बसमध्ये होतो खरे, पण मला असं वाटत होतं की तिघं आहोत, आणि कारंजा लवकर येऊ नये.

गावात येऊन सगळ्यांना पेटी ऐकवायचं प्रमिलाबाईंनी कबूल केलं होतं आणि ते पाळलं. नोव्हेंबरात त्यांचं काम आमच्या बाजूला निघालं, तेव्हा बाजाराच्या दिवशी त्यांनी जीप कारंज्यात थांबवली. मी दिवाळीला माहेरी आले होते आणि आई-बाबांबरोबर बाजारात होते, म्हणून हे मी पाहिलेलं. काकांनी आपल्या चारही बत्त्या आणि पाकिटं एका चादरीवर मांडली होती. प्रमिलाबाईंनी लोकांना सांगितलं की ज्याला जे आणायचं ते आणा, ऐकून बघा. आधी कुणी पुढं येईना. मग एकीनं कांदे आणले, एकानं मिठाची पिशवी, कुणी विटेचा तुकडा. पेटी सगळ्यांपुढं थोडीबहुत टकटक करत होती, वीट आणली तेव्हा किंचित जास्त. लोक हसू लागले, गर्दी वाढली. मेंटलजवळ ती भरभर वाजली तसे सगळे मागं सरले, आणि मागं सरल्यावर आवाज मंदावतो हेही त्यांनी ऐकलं.

बाबा गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनी काहीच आणलं नव्हतं. पण प्रमिलाबाई पेटी घेऊन त्यांच्यासमोरून गेल्या आणि ती अशी कडाडली, की मेंटल त्यापुढं काहीच नाही. बाबांच्या मनगटावर आजोबांचं घड्याळ होतं, काळ्या तबकडीचं, अंधारात आकडे दिसणारं. लहानपणी मी पांघरुणात शिरून ते हिरवे आकडे बघत झोपायचे. हल्ली ते दिसेनासे झाले होते आणि त्यातलं रेडियम संपलं असं बाबा समजत होते. प्रमिलाबाईंनी सांगितलं की संपला तो उजेड, रेडियम तसंच आहे, आपल्या सगळ्यांनंतरही राहील.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. बावीस वर्षं ते घड्याळ त्यांच्या हातावर होतं. त्याच हातानं त्यांनी मला खेळवलं होतं. ते पट्टा सोडू लागले, पण घाईत तो सुटेना. लोक बघत होते. मला वाटलं, आता लहानूकाका काहीतरी बोलतील. त्यांनी बोलावं असा तो क्षण होता.

काका पुढं आले आणि त्यांनी बाबांच्या मनगटाला धरून पट्टा सोडून दिला. घड्याळ तळहातावर घेतलं.

"भेऊ नका, वासुदेवराव," ते म्हणाले. "काच फुटू देऊ नका, आन उघडून आत बोट घालू नका. उशाखाली ठेवू नका. एवढंच."

बाबांनी घड्याळ घेतलं, रुमालात बांधलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. "लहानू," असं ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "लहानूभाऊ, पोरीच्या लग्नात मले काईच आयकू नाई आलं. फार आवाज होता त्या जनरेटरचा." माफी म्हणून त्यांना एवढंच जमलं. काकांनी मान हलवली.

अण्णाजींनीही त्या संध्याकाळी काकांना हाक मारून चांगल्या कपात चहा पुढं केला. तो काकांनी घेतला नाही. भांडले नाहीत, नुसतं नको म्हणाले, आणि पुढं कधीही त्या हॉटेलाची पायरी चढले नाहीत.

बत्त्यांचा धंदा काही परत आला नाही. लोकांची भीती गेली, पण तोवर जनरेटर आले होते, खेड्यांतून खांब पोचत होते. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाचसहाच लग्नं झाली. काकांनी तीन बत्त्या दूरच्या एका ढाबेवाल्याला दिल्या आणि बस स्टँडजवळ स्टोव्ह दुरुस्तीची टपरी टाकली. त्यांना वाईट वाटलं का, असं मी विचारलं, तर म्हणाले की उजेड आला ना घरोघर, मग वाईट काय वाटायचं. फक्त जनरेटरच्या उजेडात माणसं जरा आजारी दिसतात, एवढं मात्र त्यांचं मत होतं.

सीताबाईंनी वेगळंच काम काढलं. नागपूरहून आल्यावर आठ दिवसांत त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडं गेल्या आणि विहिरीत टाकायची पावडर मागू लागल्या. नर्सबाईंनी आधी टाळलं, मग त्यांची चिकाटी पाहून शिकवलंच. किती पाण्याला किती, बादलीत कालवून कसं सोडायचं, किती वेळ थांबायचं. पावसाळा लागला की दर आठवड्याला त्या बादली घेऊन निघायच्या. आधी नाल्याजवळची विहीर, मग शेजारच्या गल्लीतली, मग सगळीकडच्या. पाण्याला वास येतो म्हणून बायका कुरकुरायच्या. सीताबाई वाद घालत नसत. विहिरीच्या काठावर बसून राहायच्या, पावडर मुरेपर्यंत, पाण्यात ढगांची सावली बघत.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात मी बाळंतपणासाठी माहेरी होते. मुलगी झाली होती, महिन्याची. सीताबाई आमच्या मळ्यातल्या विहिरीवर आल्या होत्या. काम झाल्यावर त्या अंगणाच्या दाराशी थांबल्या. झाकलेलं ताट परत पाठवल्यापासून त्या आमच्या घरी आल्या नव्हत्या. आईनं आत बोलावलं. मी ओसरीत मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर ऊन आणि पाऊस एकदमच पडत होते, सगळं अंगण सोनेरी धुक्यात असल्यासारखं झालं होतं.

सीताबाईंनी रांजणातलं पाणी घेऊन साबणानं हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर बसल्या. पंधरा वर्षांत त्यांनी कुणाचंही तान्हं मूल हातात घेतलं नव्हतं. हे मला आईनं नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की त्यांचे हात पुढं येतात आणि परत जातात.

"घेऊ का?" त्यांनी विचारलं.

मी मुलगी त्यांच्या हातात ठेवली. बाबा दारात उभे होते. सीताबाईंनी तिला छातीशी धरलं, तिचं पाऊल हातात घेतलं आणि एकेका बोटावरून अंगठा फिरवला. मुलगी जागी झाली, त्यांच्याकडं बघत राहिली आणि पुन्हा झोपली. पाऊस थांबेपर्यंत सीताबाई तशाच बसून होत्या.